कवळी, कंगवा आणि केस पेपर

आप्पांना ॲडमिट केलं त्या रात्री साडेअकराच्या सुमाराला एक मुलगी आली, गळ्यात आयकार्ड, केस चापूनचोपून बांधलेले, आणि एक झिपवाली पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, मॅडम, हे पेशंटचं ॲडमिशन किट. मी आपली घेतली. त्या वेळी कुणी काहीही दिलं असतं तरी घेतलं असतं. मग आयसीयूच्या बाहेर खुर्चीत बसून उघडून बघते तर आत टूथब्रश, टूथपेस्ट, साबण, शाम्पूची बाटली, पांढऱ्या सपाता आणि एक कंगवा. आता आमच्या आप्पांच्या तोंडात स्वतःचा एक दात नाही, कवळी आहे, आणि ती तेव्हा स्टीलच्या डबीत माझ्या पर्समध्ये होती. केस म्हणाल तर मी दहावीला होते तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर नाहीत. एवढ्या टेन्शनमध्येसुद्धा मला हसू फुटलं, बाजूच्या खुर्चीतल्या बाई बघायला लागल्या, त्यांना वाटलं असेल हिला शॉक बसलाय.

नऊ दिवसांनी बिल आलं त्यात ते किट होतं. ८५० रुपये. इन्शुरन्सवाल्यांनी त्यापुढे ‘नॉन-पेएबल’ असं लिहिलेलं, म्हणजे ते माझ्या खिशातून. आईने तो कंगवा घरी आणला, अजून देवघराच्या शेजारच्या फळीवर आहे. पैसे मोजलेत ना, मग टाकायचा कशाला, असं तिचं म्हणणं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट ही. आप्पा गिरणीतले, लालबागला होते, कार्डिंग खात्यात. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं म्हणून सांगते, कार्डिंग म्हणजे कापसाचे पुंजके सुटे करून, विंचरून, त्याचा सरळ पेळू काढायचं खातं. जन्मभर कापसाला कंगवा फिरवला म्हणा ना. त्या खात्यात धूळ एवढी की पाळी सुटल्यावर माणसं भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर यायची, आणि ती धूळ जी छातीत बसली ती बसलीच. १९८२ चा संप झाला, आप्पांची गिरणी पुन्हा म्हणावी तशी चालली नाही, मग वॉचमनकी, मग एका कुरिअरच्या गोडाऊनमध्ये, मग म्हातारपण. खोकला मात्र कायम सोबतीला. ऑगस्टमध्ये भांडुपला चार दिवस पाऊस लागून राहिला, आप्पांना ताप भरला, पाचव्या दिवशी ओठ निळसर दिसायला लागले आणि आम्ही रिक्षात घालून सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठलं. ते प्रायव्हेट निघालं. नाव घेत नाही, काचेची बिल्डिंग आहे, खाली कॉफी शॉप आहे, एवढं पुरे.

तिथे पहिला प्रश्न आला, कॅशलेस का रिइम्बर्समेंट?

मला वाईट वाटलं नाही तेव्हा, खोटं कशाला बोलू. उलट बरं वाटलं, की माझ्याकडे उत्तर आहे. ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, आईवडील कव्हर आहेत, तीन लाख. मी कार्ड असं पुढे केलं जसं लोकलमध्ये फर्स्ट क्लासचा पास दाखवतात. पन्नास हजार डिपॉझिट भरलं आणि आप्पा दहा मिनिटांत आयसीयूत, ऑक्सिजन सुरू, दोन-दोन डॉक्टर. हे मान्य करायलाच हवं. त्या रात्री त्या काचेच्या बिल्डिंगने माझ्या बापाला वाचवलं, आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे त्यात हे वाक्य कुठेही खोडायचं नाहीये.

पण दिवस जायला लागले तसं माझ्या लक्षात यायला लागलं की इथे रोज दोन राऊंड होतात, एक डॉक्टरांचा आणि एक बिलिंगचा. सकाळी डॉक्टर सांगायचे ऑक्सिजन किती, रक्तात इन्फेक्शन किती. दुपारी खालून फोन यायचा, मॅडम, आजपर्यंतचं बिल इतकं, अप्रूव्हल इतकं, डिफरन्स भरून घ्या. नेब्युलायझेशन दर वेळचं वेगळं, ग्लोव्हज वेगळे, मॉनिटर वेगळा, आयसीयूच्या भाड्यात मॉनिटर नाही तर मग भाडं कसलं हो, भिंतींचं? बायोमेडिकल वेस्टचेसुद्धा पैसे. म्हणजे आप्पांचा कचरा टाकायचे.

माझ्या ऑफिसात एक जण शेअर मार्केटवाला आहे, टिफिन खाताना मी हे सगळं सांगत होते तर तो म्हणाला, अगं ते एआरपीओबी बघत असतात. म्हटलं हे काय नवीन. तर एका भरलेल्या खाटेमागे दिवसाला सरासरी किती उत्पन्न, हा तो आकडा. लिस्टेड हॉस्पिटल कंपन्या आपले रिझल्ट लावतात तेव्हा हाही सांगतात, आणि तो वाढला की गुंतवणूकदार खूश. दुसरा आकडा पेशंट सरासरी किती दिवस राहतो त्याचा, तो कमी झाला की चांगलं, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत ऑपरेशन, तपासण्या, सगळी कमाई होऊन जाते, मग नुसतं पडून राहिलेलं माणूस ती खाट अडवून बसतं. त्याने हे अगदी सहज सांगितलं, मटकी खाता खाता. मला मात्र एकदम उलगडा झाला की सातव्या दिवसापासून सगळ्यांचा सूर का बदलला. आप्पा काही वाईट पेशंट नव्हते, पण धंदा म्हणून बघितलं तर ते वाईट खाट झाले होते. हळूहळू बरं होणारी, धुळीने भरलेली, ऐंशीला टेकलेली छाती, ऑपरेशन नाही, काही नाही.

सातव्या दिवशी मी विचारलं, हा अजून एक सीटी स्कॅन करायलाच हवा का? डॉक्टर चांगले होते हो, थकलेले होते, म्हणाले, आम्ही ॲडव्हाइस करतो, निर्णय फॅमिलीचा. फॅमिली म्हणजे मी. कॉमर्सची पदवी.

आमची आई भांडुप स्टेशनबाहेरच्या मच्छीवालीकडे पापलेट घेते तेव्हा आधी कल्ला उचलून बघते, लाल आहे का, मग बोटाने दाबून बघते, खड्डा राहतो का, मग डोळा बघते, आणि एवढं सगळं करून भाव निम्म्यावर आणते आणि तरीही निघताना म्हणते, मागल्या खेपेचं शिळं होतं हं. तो बाजार मला मान्य आहे. तिथे दोघींनाही मासा कळतो. हॉस्पिटलमध्ये मी कुठला कल्ला उचलू? विकणाराच सांगणार तुला काय हवंय, तोच सांगणार किती हवंय, आणि नको म्हटलं तर बाप मेल्यावर जन्मभर डोक्याला भुंगा. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६३ साली हेच मांडलं होतं, की आजारपण कधी येईल ते माहीत नसतं आणि डॉक्टरला जे कळतं ते पेशंटला कळत नाही, म्हणून औषधोपचाराचा बाजार हा बाकी बाजारांसारखा चालूच शकत नाही. पुढे त्यांना नोबेल मिळालं. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्यासाठी?

आणि बाजार तसा चालत नाही याचे पुरावे काही लांब शोधायला नकोत. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या स्टेंटवर कमाल किंमत लावली, औषध सोडणारा स्टेंट २९,६०० रुपये. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत लोक तसल्याच स्टेंटला लाखाच्या वर मोजत होते. स्टेंट तोच, नळी तीच. किंवा बाळंतपणं घ्या. २०१९ ते २१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे आहे, त्यात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझेरियन, प्रायव्हेटमध्ये ४७.४. यात अवघड केसेस तिकडे जातात वगैरे थोडं धरलं तरी, देशातल्या बायकांची ओटीपोटं काय बिल्डिंग बघून अरुंद होतात?

नवव्या दिवशी पॉलिसी संपली. एकूण बिल चार लाख छत्तीस हजार, तीन लाख पॉलिसीचे, बाकी आम्ही, त्यात माझ्या बांगड्या आल्या आणि भावाचं पीएफमधून काढलेलं आलं. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं विचारलं, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आता ती लागू आहे, तर म्हणे आमचं हॉस्पिटल त्या योजनेत नाही. धर्मादाय हॉस्पिटलात दहा टक्के खाटा गरिबांना फुकट आणि दहा टक्के सवलतीत ठेवायचा नियम आहे ना, तसला बोर्ड मी लॉबीत कुंडीच्या पानांआड बघितला होता. पण माझा पगार बघता आम्ही गरीब नाही. आम्ही त्या मधल्या जातीचे, ज्यांच्याकडे दाखवायला कार्ड असतं आणि नवव्या दिवशी काहीच नसतं.

मग मी ते केलं जे सगळे करतात. ओळख काढली. आमच्या एरियातले माजी नगरसेवक (सगळेच माजी होते तेव्हा, निवडणुकाच नव्हत्या झाल्या), त्यांच्या ऑफिसातल्या पोराने कुणाला तरी फोन केला आणि आप्पांना पालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. त्याचंही नाव राहू दे. हे ओळखीचं प्रकरण लिहिताना मला लाज वाटतेय, कारण त्या खाटेवर कुणाचा तरी आधी नंबर असणार. पण लिहिलं नाही तर बाकीचं सगळंच खोटं होईल.

कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या प्रश्न आला, सोबत कोण आहे?

पैसे आहेत का, कार्ड आहे का, काही नाही. सोबत कोण आहे. मी म्हटलं मी आहे, मुलगी. सिस्टर म्हणाल्या, मग हा केस पेपर काढून आणा, तीन नंबर खिडकी. तो काढला. नोट दिली आणि सुट्टे परत मिळाले, एवढी त्याची किंमत. परत येते तर म्हणे आता हे सँपल लॅबला नेऊन द्या, तिसरी बिल्डिंग, पहिला मजला, बर्फात ठेवलंय, पळत जा. माझ्या बापाचं रक्त हातात धरून मी धावतेय, वाटेत कुत्रं झोपलेलं, त्याला ओलांडून. परत येते तर हे औषध स्टोअरमध्ये नाही, बाहेरून आणा, ही चिठ्ठी. ट्रॉली ढकलायला मामांना शंभर रुपये. वॉर्डमधल्या मावशीला वेगळे. पहिली रात्र आप्पा जमिनीवर, गादीवर, दोन खाटांच्या मधल्या जागेत, ओळख असूनसुद्धा. संडासाचं मी काही सांगत नाही, तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे आणि नसाल गेला तर जेवायच्या आधी कशाला.

रात्री दोन वाजता एक रेसिडेंट डॉक्टर आली, फार तर सव्वीस वर्षांची असेल, पायात क्रॉक्स, डोळ्यांखाली काळं, आणि पहिलं काय केलं तर माझ्यावर ओरडली, हे जुने रिपोर्ट्स तारखेप्रमाणे लावून का नाही ठेवले. मग खाली मांडी घालून, अक्षरशः जमिनीवर बसून, तिने आप्पांची छाती ऐकली, पुढून, पाठीमागून, बराच वेळ. आणि विचारलं, आजोबा, काम काय करायचात?

नऊ दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिथल्या फॉर्मवर ‘ऑक्युपेशन’च्या रकान्यात मी ‘रिटायर्ड’ लिहिलं होतं, आणि त्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. आप्पा मास्कमधून म्हणाले, गिरणी. कोणतं खातं? कार्डिंग. ती नुसतं हं म्हणाली आणि केस पेपरवर दोन ओळी लिहिल्या. या पोरीला कार्डिंग कुठून माहीत, तर या शहराच्या सरकारी वॉर्डांनी गिरणगावाच्या छात्या पिढ्यानपिढ्या ऐकल्यात, सीनियर ज्युनियरला सांगत येतात. दुसऱ्या दिवशी पंप बदलला, स्टेरॉइडचा डोस बदलला. त्यामुळेच फरक पडला असं मी म्हणणार नाही, तिकडच्या नऊ दिवसांच्या अँटिबायोटिकचाही वाटा असणारच. आणि गंमत म्हणजे तिकडचे ते आयसीयूचे डॉक्टर, त्यांच्या केबिनमधल्या सर्टिफिकेटवर मी वाचलं होतं, ते पालिकेच्याच मेडिकल कॉलेजात शिकलेले. हात सरकारी खाटांवर बसवायचा आणि बसला की तो काचेच्या बिल्डिंगला विकायचा.

अकरा दिवस होतो तिथे. सगळा मिळून खर्च सहा हजार तीनशे रुपये. हा आकडा मी लोकांना सांगते तेव्हा ते म्हणतात, बघ, आणि मीही आधी असंच म्हणायचे. पण नंतर एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा मी दुसरा हिशोब केला. अकरा दिवस आई त्या खाटेच्या पायाशी बसून होती, तिचे गुडघे तेव्हापासून जे गेले ते गेले. माझ्या अकरा रजा, त्यातल्या पाच बिनपगारी. भावाच्या रात्री. वहिनीने दोन डबे रोज आणले, दोन गाड्या बदलून. समोरच्या खाटेवर गोवंडीचा एक माणूस होता, त्याचा मुलगा रिक्षा चालवायचा, तो बापाजवळ बसला की रिक्षा बंद आणि रिक्षा चालवली की बाप एकटा, आणि एकटं माणूस असलं की त्याचं सँपल कोण नेणार? तर ते आईने नेलं, दोनदा. म्हणजे सरकारी हॉस्पिटल फुकट नाहीये हो. ते बिल पैशात लावत नाही एवढंच. ते घरच्यांच्या अंगातून वसूल करतं, त्यातही बायकांच्या. ‘सोबत कोण आहे’ हीच तिथली फी आहे. आणि ज्याच्यासोबत कुणी नाही त्याची अवस्था तिकडच्या पॉलिसी नसलेल्या माणसासारखीच.

आप्पा शुद्धीवर येऊन गप्पा मारायला लागले तेव्हा त्यांना एकदम ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आठवलं. गिरणीत पगारातून थोडे पैसे कापायचे, मालक त्यात आपले घालायचा, आणि मग वाडीतल्या पॅनेल डॉक्टरपासून परळच्या ईएसआय हॉस्पिटलपर्यंत सगळं त्यात. आजारी पडलं तर रजेचे थोडे पैसेही मिळायचे. म्हणाले, बाय, तेव्हा खिशात हात घालायचा प्रश्नच नव्हता, कार्ड दाखवायचं. मला माझं कार्ड आठवलं. फरक एवढाच की त्यांच्या कार्डावर आकडा नव्हता. मग गिरणी गेली आणि कार्डही गेलं. संपाचे पुढारी दत्ता सामंत, ते स्वतः डॉक्टर, घाटकोपरला दवाखाना चालवायचे. अडीच लाख कामगार त्यांच्यामागे गेले. संप पगाराचा, बोनसचा होता, पण हातातून निसटलं त्यात हे कार्डही होतं.

ईएसआयचा कायदा झाला १९४८ साली. त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनमध्ये त्यांची ती एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्य सेवा, सुरू झाली, सगळ्यांना, दारात पैसे न मागता. ती आणणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा खाणीतला पोरगा, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला. त्याचा बाप छातीत धूळ बसूनच गेला. कोळशाची, कापसाची नाही, पण छातीला काय. आणि त्याच्या गावात, ट्रेडेगारला, कामगारांच्या पगारातून थोडे थोडे पैसे कापून चालवलेली औषधोपचाराची सोसायटी होती, तीच त्याने देशभर पसरवली म्हणतात. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. एनएचएस सुरू झाल्यावर लोकांनी काय मागितलं तर चष्मे आणि कवळ्या. अशी झुंबड की सरकारचा हिशोब कोलमडला. वर्षानुवर्षं बोळक्या तोंडाने जगलेली माणसं, त्यांना पहिल्यांदा दात मिळत होते. मग १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्याला पैसे घ्यायचं ठरवलं तर बेव्हनने राजीनामा दिला. मंत्रीपद सोडलं, कवळीसाठी! आप्पांना हे सांगितलं तर त्यांनी कवळी काढून हातात धरली आणि दोन मिनिटं तिच्याकडे बघत बसले, मग म्हणाले, चांगला माणूस.

आता एनएचएसचे लगेच फार गोडवे गायला नकोत, कारण माझी आत्तेबहीण लेस्टरला असते. गुडघा बदलायचा म्हणून तिने नंबर लावला होता, वर्ष उलटलं तरी नंबर येईना, शेवटी ती मुंबईला आली आणि इथल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात करून गेली. तिकडची वेटिंग लिस्ट २०२३ मध्ये पाऊण कोटीच्या वर गेली होती, नुसत्या इंग्लंडची. आणि मामेभाऊ न्यू जर्सीला, तो दोन वर्षांपूर्वी दातांचं काम करून घ्यायला मुंबईला आला, विमानाचं तिकीट धरूनही स्वस्त पडतं म्हणाला. तिकडे पोटात कळा येत असताना हा हॉस्पिटलात गेला ते उबर करून, कारण ॲम्ब्युलन्सचं बिल नको. अमेरिका आपल्या एकूण उत्पन्नातला सहावा हिस्सा आरोग्यावर घालवते, जगात कुणी एवढा घालवत नाही, आणि तरी अडीच कोटी माणसं विम्याशिवाय. म्हणजे एकाला रांग नको म्हणून आणि दुसऱ्याला बिल नको म्हणून, दोघंही शेवटी आमच्या सोफ्यावर. तरी मला दोघांतून एक निवड म्हटलं तर मी आत्तेबहिणीची रांग निवडेन. कारण विचारलंत तर, ती जेव्हा चिडते तेव्हा तिच्या खासदाराला पत्र लिहिते. मामेभाऊ चिडतो तेव्हा इन्शुरन्स कंपनीच्या कॉल सेंटरला होल्डवर बसतो. तिच्या रांगेत तिचा डॉक्टर आहे, तिची शेजारीण आहे, तिथल्या मुलांचे शिक्षक आहेत, आणि रांग हलली नाही की सगळे मिळून आरडाओरडा करतात.

आमच्या रांगेत आम्हीच नाही ना. हे मला त्या अकरा दिवसांत टोचत राहिलं. माझ्या ऑफिसातलं एक माणूस त्या वॉर्डात नव्हतं, सोसायटीतलं नव्हतं. आम्ही सगळे कार्ड काढून बाहेर पडलोय, आणि संडासाला कडी नाही म्हणून भांडणारं, स्टोअरमध्ये औषध का नाही म्हणून माहितीचा अर्ज टाकणारं तिथे कुणी उरलेलं नाही. १९२६ मध्ये पालिकेचं केईएम हॉस्पिटल सुरू झालं, त्याला जोडलेलं मेडिकल कॉलेज गोवर्धनदास सुंदरदास यांच्या पैशांतून उभं राहिलं, आणि त्यात अट होती की कॉलेजचा स्टाफ सगळा भारतीय माणसांचा हवा, कारण तेव्हा चांगल्या जागा गोऱ्यांना असायच्या. म्हणजे या हॉस्पिटलची पायाभरणीच मुळी, हे आमचं आहे, या हट्टातून झाली. १९४६ मध्ये आरोग्यासाठी नेमलेल्या भोर समितीने लिहून ठेवलं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहता कामा नये. स्वातंत्र्याच्या आधी हो! आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात काय ठरलं, तर सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ मध्ये तो होता १.८४. कोविडमध्ये! एक मात्र मान्य केलं पाहिजे, लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा खाली आलाय, २०१३-१४ मध्ये तो शंभरातले चौसष्ट होता, २०२१-२२ ला एकोणचाळीस. पण उरलेल्या एकोणचाळिसांत माझ्या बांगड्या आहेत.

आणि सरकारला जमत नाही असं कुणी म्हणू नका. २०२० च्या मे महिन्यात याच राज्य सरकारने प्रायव्हेट हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या, दर ठरवून दिले, साध्या खाटेला दिवसाला चार हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटरसकट नऊ. त्यातही पीपीई किटच्या नावाने लुटालूट झालीच, आठवत असेल. पण कागद निघाला होता, एका सहीने. साथ ओसरली आणि तो कागद गेला.

खाटेवरून सारखं एक आठवतं. केईएमची नर्स अरुणा शानबाग, १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कधी उठल्याच नाहीत, २०१५ च्या मे महिन्यात गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथल्याच एका खाटेवर. ज्या नर्सेसनी त्यांना सुरुवातीला सांभाळलं त्या रिटायर झाल्या, नंतरच्या मुली तर त्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या, त्यांनी सांभाळलं, भरवलं, कूस बदलली. हलवायचा प्रयत्न झाला तेव्हा नर्सेसनी विरोध केला. सुप्रीम कोर्टात त्यांच्या मरणाचा प्रश्न गेला तेव्हा याच बायकांनी सांगितलं की आम्ही बघतोय, बघत राहू. त्या जगण्याला जगणं म्हणायचं का, त्यावर माझं आजही नक्की मत होत नाही. पण ऑफिसातला तो शेअर मार्केटवाला एआरपीओबी सांगत होता तेव्हा माझ्या डोक्यात ती खाट आली होती. बेचाळीस वर्षं, उत्पन्न शून्य. आणि सोबत कोण आहे हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही, कारण सोबत अख्खं हॉस्पिटल होतं.

आप्पा घरी आले. बरे आहेत, म्हणजे त्यांच्या मानाने बरे, जिना चढताना दोनदा थांबतात. डिसेंबरमध्ये त्यांचा वाढदिवस झाला, सकाळी सात वाजता माझ्या फोनवर मेसेज, त्या काचेच्या हॉस्पिटलकडून, डियर सर, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, सीनियर सिटिझन हेल्थ पॅकेजवर तीस टक्के सूट. आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, कंगवा मिळेल का परत? आई आतून म्हणाली, आहे तो वापरा आधी.

सरकारी हॉस्पिटलकडून अर्थात कसला मेसेज येत नाही. दर दोन महिन्यांनी मंगळवारी छातीची ओपीडी असते, केस पेपर आप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, आता तारखेप्रमाणे लावून, रबर बँड घालून ठेवलेत. मागच्या मंगळवारी मी माजी नगरसेवकांच्या ऑफिसला फोन केला नाही. साडेसहाला निघालो, पावणेआठला रांगेत, एकशे बारावा नंबर. पंख्याखालची बाकं भरलेली. आमच्या पुढे अंधेरीच्या एक बाई होत्या, बँकेतून रिटायर झालेल्या, इस्त्रीची साडी वगैरे, पॉलिसीचा हप्ता पासष्टीनंतर एवढा वाढला की सोडून दिली म्हणाल्या आणि पहिल्यांदाच आल्यात. चार नंबर खिडकी बंद का, म्हणून त्या उठून विचारायला गेल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, स्टाफ नाही. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि मला विचारलं, इथे लेखी तक्रार कुणाकडे द्यायची असते हो? मला माहीत नव्हतं. आप्पा म्हणाले, मी जागा धरतो, तुम्ही दोघी शोधून या.